सरड्याचा जनाजा

सरड्याला शाळेपर्यंत न्यायचं कसं, यावरून अथुमानी नांदोंडेच्या घरात सकाळपासून भांडण पेटलं होतं.

"मान काढा त्याची," त्याची बायको सोमोये चुलीपुढून म्हणाली. "मान एका पोत्यात, शेपूट दुसऱ्या पोत्यात. सायकलवर जातंय."

"मान काढा म्हणे! कोंबडी आहे का ती? एकेक मणका तारेत ओवलाय मी. तार सुटली तर परत ओवता ओवता ईद येईल."

"मग न्या डोक्यावर. तुमच्या आजोबांनी नेलाच होता की."

"आजोबांनी एक हाड नेलं होतं. एकच!"

"तेच म्हणते. एकेक करून न्या."

ज्याची पिकअप येणार होती त्याची पिकअप नदीच्या वाळूत रुतली होती. आणि अथुमानीचे बाबा पहाटेच्या नमाजानंतर लगेच खुर्ची घेऊन शाळेच्या अंगणात जाऊन बसले होते. नव्वदी ओलांडलेला माणूस, छातीत सतत घरघर, आणि वर बजावून गेले होते, "आज सरडा उभा राहिलेला बघितल्याशिवाय मी उठत नाही. मेलो तरी बसल्या जागी."

सरडा म्हणजे काय ते आता सांगायला हवं. तेंदागुरूच्या टेकडीत जर्मनांना जी राक्षसी हाडं सापडली, त्या जनावराला शिकलेले लोक डायनासोर म्हणतात. आम्ही सरडा म्हणतो. आमच्या जमिनीतला आहे, आम्ही काहीही म्हणू. आमच्या आजा-पणजांनी ती हाडं खणली, डोक्यावर घेऊन चालत लिंडी बंदरात नेली, आणि तिथून सरडा बोटीत बसून बर्लिनला गेला. तिकडे तो मोठ्या दालनात उभा आहे. आमच्याकडे खड्डे उरले. आणि ज्यांनी तो वाहिला त्यांनी तो कधी पाहिलाच नाही. ज्याच्या डोक्यावर बरगडी होती त्याला बरगडी ठाऊक. बाकी जनावर केवढं, तोंड कुठे, पाय किती, कशाचा पत्ता नाही. बाबांच्या वडिलांनी मरताना विचारलं होतं, "एवढं वाहिलं, पण ते होतं तरी काय रे?" तो प्रश्न बाबांनी जन्मभर उराशी धरला होता.

म्हणून अथुमानीनं सरडा कोरायला घेतला. आम्ही माकोंडे लोक काळ्या म्पिंगोच्या लाकडात माणसं कोरतो, भुतं कोरतो, पण नुसता सापळा आजवर कोणी कोरला नव्हता. कॅलेंडरवरचं बर्लिनचं चित्र समोर ठेवून, बाराव्या हिश्श्यात मापून, तो एकेक हाड तासत बसला. सांधा कसा असतो ते कळावं म्हणून लग्नाच्या पंगतीतून बोकडाची हाडं खिशात घालून आणायचा. पंगतीतून हाडं उचलणाऱ्या माणसाबद्दल गाव काय बोलतं, ते मी इथे सांगत नाही. सोमोयेच्या घरी जेवायला येणं बायकांनी बंद केलं, एवढं पुरे. पण सापळा झाला झकास. आडवा ठेवला तर एखाद्या उंच माणसाएवढा लांब. पाय वेगळे सुटायचे, मान आणि शेपूट मात्र धडाला ओवलेली.

या सगळ्या काळात रोज येऊन टिंगल करायचा तो मापुंडा. मापुंडा न्गोनी जमातीचा, बाबांच्याच वयाचा. न्गोनी आणि आमच्यात उतानी आहे, म्हणजे थट्टेचं नातं. म्तानीनं, म्हणजे अशा नात्यातल्या माणसानं, काहीही बोलावं, आपण रागवायचं नाही. आणि आपल्या मयतीत तर त्याचा हक्कच असतो. सगळे रडत असतात तेव्हा त्यानं मेलेल्याची नक्कल करायची, कबरीत जाऊन आडवं पडायचं, आणि काही हातावर पडल्याशिवाय उठायचं नाही. बाबांचा डावा कान गेलेला, म्हणून मापुंडा कायम त्यांच्या उजव्या हाताला बसायचा. शिवी वाया जायला नको.

दोघांचं जन्माचं भांडण एकच. सरड्याच्या मांडीचं हाड कोणाच्या बापानं वाहिलं?

"माझ्या बापानं," मापुंडा म्हणायचा. "मान वाकडी झाली होती त्याची. तुझ्या बापानं शेपटीचं टोक नेलं. खिशात घालून."

"तुझ्या बापाच्यानं स्वतःचं डोकं पेलत नव्हतं, मांडी काय पेलतोय!"

"बघू. तुझ्या मयतीत सांगतो सगळ्यांना."

"आधी तू मर, मग मी सांगतो."

असं साठ-सत्तर वर्षं चाललं होतं.

तर, सरडा शाळेत न्यायचा होता, तिथे त्याचं उद्‌घाटन होतं. लांब, सपाट, चार माणसांनी खांद्यावर घ्यायची अशी गावात एकच वस्तू होती. अथुमानी मशिदीत गेला. मशिदीची देखभाल करणारा हेमेदी ओसरी झाडत होता.

"जनाजा?" हेमेदीच्या हातातला झाडू थांबला. "सरड्यासाठी?"

"तासाभरात आणून देतो."

"अरे, त्यावर माझी आई गेली, तुझी आई गेली. आणि आता सरडा?"

"लाकूडच आहे रे, हेमेदी. बाबा तिकडे खुर्चीत बसलेत. छाती बघितलीस ना त्यांची? आज नाही तर..."

हेमेदीनं लांब श्वास सोडला. मग अटी घातल्या. जनाजा मशिदीतून कोणाच्या घरी जाणार नाही, सरड्यानंच इथे यायचं. काळी हाडं उघडी न्यायची नाहीत, लोक काय म्हणतील, वरून स्वच्छ पांढरं कापड घालायचं. आणि परत आणल्यावर धुऊन द्यायचा. तिन्ही अटी अगदी रास्त होत्या. सगळा घोळ त्या रास्त अटींनीच केला.

कारण थोड्या वेळानं गावानं काय पाहिलं? मशिदीच्या दारातून जनाजा निघाला. वर पांढरं नवं कापड. पुढे-मागे चार माणसं, आणि त्यातला अथुमानी घामाघूम, तोंड रडवेलं.

आमच्याकडे जनाजा दिसला की विचारायचं नसतं. कोण गेलं, कशानं गेलं, हे माती दिल्यानंतर. आधी उठायचं, खांद्याखाली शिरायचं, चार पावलं चालायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. पुण्याचं काम. चहाच्या टपरीवरचे दोघं उठले आणि पुढच्या दोघांना त्यांनी मोकळं केलं. ते दोघं होते अथुमानीचे शेजारी. सरडा शाळेत न्यायला लोक हात लावतायत असं वाटून ते खूश झाले आणि टपरीवरच चहाला बसले. मग शिंपी आला, मासळीवाले आले, बसमधून उतरलेले दोन परके आले. बाजार ओलांडेपर्यंत खांदा देणाऱ्यांत कापडाखाली सरडा आहे हे ठाऊक असलेला एकही माणूस राहिला नाही. अथुमानीही मागे ढकलला गेला होता.

चौकात उजवीकडे शाळा, डावीकडे कब्रस्तान. जनाजा डावीकडे वळला.

"अहो, इकडे! उजवीकडे!" अथुमानी ओरडला. "शाळेत न्यायचंय!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी त्याला प्रेमानं दंडाला धरलं.

"धीर धर, भाऊ."

"अहो, कोणी मेलेलं नाहीये!"

"हो, हो. मलाही असंच वाटत होतं," शिंपी म्हणाला. "भाऊ गेला तेव्हा मी तीन दिवस हेच म्हणत होतो."

"अरे बाबांनो, ती हाडं आहेत! लाकडाची!"

"सगळ्यांचीच हाडं होतात शेवटी," मासळीवाला म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

अथुमानी बाबा-बाबा करतोय, रडतोय, मग मेलं कोण? गावाला कोडं सोडवायला वेळ लागला नाही. नांदोंडेबाबा गेले! छाती कधीपासून वाजतच होती. चार तरणी पोरं फावडी घेऊन पुढे पळाली. आमची जमीन रेताड, कबर पटकन होते. बायका रडत अथुमानीच्या घरी गेल्या.

"गेले गं, सोमोये, म्हातारे गेले!"

"कुठे गेले? शाळेत गेलेत."

"शाळेतच गेले वाटतं. जनाजाही निघाला."

सोमोयेच्या हातातली पळी पडली. पहाटे तिनं बाबांना पेज दिली होती, आणि त्यांनी ती आळणी म्हणून परत केली होती. "मीठ घालून द्यायला काय झालं होतं मला?" म्हणत तिनं जो टाहो फोडला तो खरा होता. बायकांनी भाताची मोठी भांडी चढवली. मयतीला येणाऱ्यांना उपाशी कसं पाठवणार?

मापुंडाला बातमी त्याच्या परसात कळली. तो उठला, सदरा उलटा घातला, डोक्यावर फुटकं मडकं ठेवलं, काठी घेतली आणि कब्रस्तानाकडे निघाला. डोळे लाल होते, पण काम ते काम. आल्या आल्या त्यानं नांदोंडेबाबांची छाती धरून खोकायची नक्कल अशी हुबेहूब केली, की रडणाऱ्यांना हसू आवरेना. मग दोघांच्या आधारानं कबरीत उतरला आणि आडवा झाला.

"जागा बरी आहे. ही मी ठेवतो. म्हाताऱ्याला दुसरीकडे न्या."

"उठा काका, ऊन वाढतंय," लोक म्हणाले. "काय देऊ?"

"काही नको. त्याचं तोंड दाखवा. त्याला एक गोष्ट सांगायची राहिलीय. मांडीच्या हाडाची."

म्तानीला नाही म्हणता येत नाही. जनाजा कबरीच्या काठाला आणला. मापुंडा उठून बसला, त्यानं कापड दूर केलं, आणि मुठीएवढी काळी कवटी सगळे दात दाखवत त्याच्यासमोर आली. तिच्यामागे हातभर मान. त्यामागे बरगड्या. त्यामागे शेपूट.

पहिल्यांदा मापुंडाच बोलला.

"म्हाताऱ्याचा सापळा झालाय असं मी म्हणत होतो, पण इतका?" मग त्यानं मान लांब करून पाहिलं. "आणि शेपूट असल्याचा संशय मला पहिल्यापासून होता."

दुसऱ्या क्षणी त्याच्या ध्यानात सगळं आलं. "अरे, म्हणजे तो... अथुमान्या! कुठे आहे तुझा बाप?"

"शाळेत! खुर्चीत!" अथुमानीचा आवाज बसला होता. "सकाळपासून बोंबलतोय मी!"

मापुंडा हसायला लागला. असा हसला, की डोक्यावरचं मडकं पडून फुटलं. जिवंत! हरामखोर जिवंत आहे! तो कबरीत लोळत होता, हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पण बाकीच्यांना हसू येईना, कारण आता खरी पंचाईत होती. खणलेली कबर रिकामी बुजवायची नसते. ती कोणाला तरी ओढून घेते, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. हेमेदी धापा टाकत आला होता, त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "केळीचा खुंट आणा. खुंट पुरू. असंच करतात."

"खुंट कशाला?" मासळीवाला म्हणाला. "हा जनाज्यावरून आलाय, एवढ्या लोकांनी खांदा दिलाय. यालाच पुरा. हाडंच तर आहेत."

"हो, हो," पाच-दहा जण म्हणाले. पंगतीतली हाडं त्यांच्या लक्षात होती. "पुरूनच टाका. घरात नको असली वस्तू."

अथुमानी जनाज्यावर आडवा पडला. "आधी मला पुरा!"

"भांडू नका रे," कबरीतून मापुंडा म्हणाला. त्याचा आवाज हसून हसून थकला होता. "खुंट येईपर्यंत मी जागा धरून ठेवतो."

तिकडे शाळेत बाबा एकटेच बसले होते. उद्‌घाटनाला आलेल्या शिक्षणाधिकारी बाईंची गाडी अंगणात शिरली. बाई उतरल्या, इकडे तिकडे पाहिलं. "म्हातारबाबा, इथे कोणीच कसं नाही?"

रस्त्यावरून लगबगीनं जाणाऱ्या एका बाईनं न थांबताच सांगितलं, "सगळे मयतीला गेले. नांदोंडेबाबा वारले."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "तुमच्या ओळखीचे होते का?"

"बऱ्यापैकी," बाबा म्हणाले.

"कसे होते हो?"

"हट्टी. आणि मयतीला उशिरा जाणं त्यांना अजिबात खपायचं नाही. गाडी काढा."

गाडी कब्रस्तानाच्या कुंपणाशी थांबली. बाबा काठी टेकत उतरले, तेव्हा लोक दुभंगून बाजूला झाले. काहींनी अल्लाचं नाव घेतलं. त्यांना कबरीच्या काठाशी खुर्ची दिली. अथुमानीनं सरड्याचे सुटे पाय त्यांच्या मांडीवर आणून ठेवले, जणू लहान मूल दाखवावं तसे. बाबांनी मांडीचं हाड उचललं, वीतभर काळं, गुळगुळीत. हातात तोलून बघितलं.

"अरे न्गोन्या," त्यांनी खाली वाकून हाक मारली. "माझ्या कबरीत काय करतोस?"

"गरम करतोय," खालून आवाज आला. "तुला थंडी सोसत नाही."

"हे बघ. मांडीचं हाड. तुझ्या बापाला उचललं असतं का हे?"

"एका हातानं. तुझा बाप शेपटीचं टोक... खिशात..." मापुंडा हसला आणि थांबला.

"माझा बाप काय? पूर्ण बोल."

खालून काही उत्तर आलं नाही.

"संपले शब्द? एवढ्यातच?" बाबा हसले. सगळे हसले. "लिहून ठेवा रे, आज न्गोनी निरुत्तर झाला!"

हेमेदीनं खाली डोकावून पाहिलं. मग तो कबरीत उतरला. त्यानं मापुंडाच्या छातीवर कान ठेवला, आणि वर पाहिलं तेव्हा हसणारे एकेक करून गप्प होत गेले. नेमका त्याच वेळी एक जण केळीचा खुंट खांद्यावर घेऊन धावत आला. "आणला!" म्हणाला, आणि सगळ्यांची तोंडं बघून तसाच उभा राहिला.

आनंदानं गेला असं सोमोये म्हणते. हेमेदी म्हणतो, ऊन. सरडा खाली उतरवून जनाजा मापुंडासाठी मोकळा केला. कापड तेच, लोक तेच, कबर खणलेली, घरी भात शिजलेला. मशिदीत नेऊन अंघोळ घातली, नमाज झाला, आणि उन्हं उतरताना त्याला पुन्हा त्याच ठिकाणी आणलं. मयतीची एवढी पूर्वतयारी आमच्या गावात कोणाचीच झाली नव्हती.

आता म्तानीचं काम बाबांवर आलं. पलीकडे मापुंडाचं सगळं घर रडत होतं. बाबा खुर्चीतून उठले, खोकले, आणि मोठ्यानं म्हणाले, "थांबा! रिकाम्या हातानं जातोय हा. याच्या बापानं काय वाहिलं होतं ते देतो याला, तिकडे दाखवायला." आणि सरड्याच्या शेपटीचं टोक, करंगळीएवढं, पटकन मोडून त्यांनी कबरीत टाकलं. मापुंडाची म्हातारी रडता रडता फसकन हसली. लोकही हसले. झालं, म्तानीचं काम चोख झालं.

"मला खाली उतरवा," बाबा मग म्हणाले. "कानात सांगायची एक शिवी राहिलीय."

दोघांनी त्यांना उतरवलं. ते वाकून बराच वेळ काहीतरी करत राहिले. वर आले तेव्हा हात मातीनं भरले होते.

"काय सांगितलंत, बाबा?" अथुमानीनं विचारलं.

"तुला काय करायचंय? आमच्या दोघांतलं आहे."

पुढच्या आठवड्यात सरडा शाळेत गेला, या वेळी पिकअपमधून. अथुमानी एकेक पाय जोडत होता. तीन जोडले आणि तो पोती उलटीपालटी करायला लागला.

"बाबा, मागच्या पायाचं मांडीचं हाड दिसत नाही."

"शेपटीचं टोक नाही, एवढं मला माहीत आहे," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"मांडीचं म्हणतोय मी. तुमच्याच हातात होतं ते." अथुमानी एकदम थांबला. "बाबा. कबरीत तुम्ही..."

बाबा खिडकीपासून वळले. "त्याच्याच बापानं वाहिलं होतं ते. मला माझ्या बापानं सांगितलं होतं. आमच्याकडे टोक होतं."

"म्हणजे मापुंडाकाका खरं बोलत होते? आणि तुम्हाला ठाऊक होतं? मग जन्मभर भांडलात कशाला?"

"मान्य केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तो कशाला आला असता?"

अथुमानीनं नवं हाड कोरायला लाकूड घेतलं. बाबांनी ते काढून घेतलं आणि मापुंडाच्या घरून मागून आणलेली त्याची काठी पुढे केली. तिचा वीतभर तुकडा कापून त्या पायात बसवला. रंग जुळला नाही, पण सरडा उभा राहिला. मान थेट छताकडे, शेपूट दाराकडे.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि खूप वेळ बघत राहिले. "हे होतं होय," ते स्वतःशीच म्हणाले. मग सवयीनं उजवीकडे वळून त्यांनी मापुंडाला एक सणसणीत शिवी दिली, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते थांबले.